सोनारीचा न्यूझीलंडवाला

तिकडच्या मराठी मंडळात कुणी गाव विचारलं की रणधीर देवकते आधी "धाराशिव" म्हणायचा. समोरच्याला उमजलं नाही की "उस्मानाबाद" म्हणायचा. तरीही नाही उमजलं की नाइलाजानं "तुळजापूरजवळ". मग पुण्या-ठाण्याची ती मंडळी लगेच हात जोडायची आणि आईचं दर्शन आम्हीही घेतलंय म्हणायची. आपलं सोनारी तुळजापूरपासून चांगलंच लांब, पार परंड्याच्या अंगाला आहे, हे सांगायच्या फंदात तो पडत नसे. त्या लोकांबद्दलचं त्याचं मत ठरलेलं होतं. दूध पिशवीतून येतं एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांच्याशी काय बोलायचं?

मतं त्याच्याकडं ढिगानं होती, आणि ती पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती.

रणधीर धनगराच्या घरातला. वडील बलभीम, म्हणजे आबा, जन्मभर मेंढरांमागं हिंडले. पोरानं पशुधन पर्यवेक्षकाचा डिप्लोमा केला, सौदीतल्या वाळवंटात एका अवाढव्य डेअरीत काही वर्षं काढली आणि तिथून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ॲशबर्टनजवळच्या एका गोठ्यावर जाऊन पोचला. गोठा म्हणजे आपल्याकडचा नव्हे. गोल फिरणाऱ्या भल्यामोठ्या चबुतऱ्यावर गाई आपण होऊन चढायच्या आणि एक फेरी होईस्तोवर दूध देऊन उतरायच्या. पोऱ्या म्हणून लागलेला रणधीर पुढं सगळ्या कळपाचा मुख्य झाला. घर झालं, नागरिकत्व मिळालं, पोरगी अक्षदा तिकडचीच होऊन वाढली.

पहिल्या वर्षी एक गोष्ट त्याला बघवली नव्हती. नर वासरं जन्मली की थोड्याच दिवसांत ट्रक येई आणि ती गोळा करून कत्तलखान्याला नेई. हंगाम संपताना जी गाय गाभण नसेल तिच्या पाठीवर रंगाची रेघ ओढली जाई, तीही ट्रकमध्ये. त्या दिवशी रणधीर शेडमागं जाऊन ओकला होता. पण माणूस शिकतो. दोन-तीन हंगामांत रंगाचा डबा त्याच्याच हातात आला, आणि मग ती रेघ ओढण्यात त्याला एक प्रकारचा अभिमान वाटायला लागला. इथं रडारड नाही, गळ्यात पडणं नाही. काम संपलं की जनावर संपलं. आपल्या लोकांना हेच जमत नाही, म्हणून ते मागं राहिले, असं तो मंडळातल्या जेवणावळीत भाताचा घास हातात धरून सांगायचा.

त्याची बायको शिवांजली म्हाताऱ्यांच्या निवासात कामाला होती. तिथल्या कहाण्या ती घरी सांगायची, कोण खिडकीशी बसून असतं, कोण रोज पोराचा फोन आला का विचारतं. रणधीरला त्यात वाईट काही दिसत नसे. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, अंगाखालची चादर रोज बदलतात. आणखी काय पाहिजे माणसाला, असं तो विचारायचा, आणि शिवांजली उत्तर द्यायचं सोडून भांडी घासायला घ्यायची.

घरी फोन तो संध्याकाळच्या धारा आटोपल्यावर करायचा. तेव्हा सोनारीत दुपार होण्याच्या आधीची वेळ असायची. आई, कस्तुराबाई, फोन यायच्या आधी धुतलेलं लुगडं नेसून बसायची. रणधीर मात्र तिच्या मागं काय दिसतंय ते बघायचा. रांजणावर झाकण का नाही? भिंतीला ओल कशी आली? आबा अजून विडी ओढतात का? त्याचं ऐकता ऐकता आईचे डोळे भरून यायचे. एकदा तो वैतागून म्हणाला की प्रत्येक फोनला रडणार असशील तर मी करतच नाही. त्यानंतर कस्तुराबाई त्याच्यासमोर कधी रडली नाही. डोळ्यात पाणी आलं की फोन नवऱ्याच्या हातात द्यायची आणि चुलीपाशी जायची.

ऑगस्टात ती गेली. झोपेतच गेली. तिकडं तेव्हा गाई विण्याचे दिवस, रोज ढीगभर वासरं. मालक म्हणाला, जायचं तर जा. रणधीरच म्हणाला की जाऊन आता उपयोग काय. धाकटी बहीण ज्ञानेश्वरी ढोकीहून आली होती. तिनं स्मशानात फोन उंच धरला. रणधीर गमबूट घालून वासरांच्या शेडमध्ये उभा होता. चित्र अडखळत होतं, म्हणून तो तिला फोन जरा उजवीकडं धरायला सांगत होता, लाकडं ओली दिसतात म्हणत होता. अग्नी बलभीमनंच दिला. ज्वाळा वर चढायच्या आत शेडमधल्या पोरानं हाक मारली, एक गाय अडली होती. रणधीरनं फोन खिशात टाकला.

पुढच्या जूनमध्ये गाई आटवून धारा बंद झाल्यावर त्याला सुट्टी मिळाली. वर्षश्राद्ध त्या सुट्टीतच बसवायला त्यानं गुरुजींना राजी केलं आणि एकटाच सोनारीला आला.

गावात त्याला आता कुणी रणधीर म्हणत नव्हतं. न्यूझीलंडवाला आला म्हणायचे. तो काळभैरवाला जाऊन आला तर देवळातल्या माकडांबद्दल बोलला, जीपमध्ये बसला तर जीपवाल्याला बोलला, पारावर बसला तर शाळेपासून गटारीपर्यंत सगळ्यांना बोलला. लोक ऐकून घ्यायचे. तो उठून गेला की हसायचे.

बापाकडं बघून मात्र तो गप्प झाला होता. बलभीम वाळला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता, तरी रोज सकाळी खांद्यावर घोंगडं टाकून मेंढरांमागं निघत होता. पुढं सुलतान, लाल रंगाचा म्हातारा कुत्रा, एका पायानं लंगडणारा. मेंढरं ठेचकाळणाऱ्या माणसाला नेत होती की माणूस मेंढरांना, हे लांबून कळत नव्हतं.

रणधीरनं आठवडाभर बघितलं आणि मनात ठरवून टाकलं. पुण्यात म्हाताऱ्यांसाठी एक चांगला निवास होता, त्यात त्यानं जागा धरली. बापाला त्यातलं काही सांगितलं नाही. आधी डोळा करू म्हणाला. बलभीम मेंढरं सोडून यायला तयार नव्हता. रणधीर म्हणाला, तुमच्या मागं मी सांभाळतो, मी काय मेंढरं ओळखत नाही होय?

बापाला त्याचं कौतुक वाटलं. बार्शीला नेताना तो गाडीत पोराला कुठली मेंढी लबाड, कुठल्या कोकराला आईचं दूध पुरत नाही, ते सांगत होता.

ऑपरेशन नीट झालं. घरी धुळीत डोळा नासेल म्हणून रणधीरनं त्याला बार्शीहून परस्पर ढोकीला, ज्ञानेश्वरीकडं पोचवलं. आणि दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो सोनारीत आणून उभा केला.

मेंढरं चढवायला माणसं कमी पडली, म्हणून त्यानं व्यंकटला हाक मारली. व्यंकट भावकीतला, त्याच्याच वर्गातला, शाळा सोडून मेंढरांत गेलेला. व्यंकट टेम्पो बघून दारातच थांबला. त्यानं एवढंच विचारलं की आबाला ठाऊक हाय का. रणधीर म्हणाला, कळेल. व्यंकट आल्या पावली परत गेला. मग रणधीरनं स्वतःच एकेक मेंढी तंगडीला धरून वर ढकलली. हात सराईत होते. व्यापारी म्हणाला, साहेब, तुमी तर आमच्यापेक्षा चलाख. ते ऐकून त्याला बरं वाटलं.

सुलतान टेम्पोच्या आडवा येत होता. व्यापाऱ्याच्या माणसाला चावलाही. मेंढरं गेल्यावर तो त्यांच्या मोकळ्या वाड्यात हिंडत राहिला, खात नव्हता, दोन दिवस विव्हळत होता. रणधीरच्या दृष्टीनं प्रश्न सोपा होता. कळप नाही, तर कळपाच्या कुत्र्याचं काय काम? तिकडं असा कुत्रा कुणी ठेवत नाही. त्यानं जनावरांच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं हा लंगडा असला तरी आजारी नाही म्हणून मरणाची सुई टोचायला साफ नकार दिला. मग रणधीरनं औषध दुसरीकडून पैदा केलं. डिप्लोमा त्याचाही होता. सुलतान त्याला ओळखत नव्हता, पण भाकरी पुढं केली तसा लंगडत जवळ आला आणि त्यानं मान खाली घातली. रणधीरनं ते काम व्यवस्थित केलं, जनावराला त्रास होऊ दिला नाही. पुरलंही खोल.

आठवड्यानं ज्ञानेश्वरी बापाला घेऊन आली. बलभीमच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं सुलतानला हाक मारली. मग थोडं थांबून पुन्हा मारली. मग काठीनं चाचपत वाड्याकडं गेला आणि रिकाम्या जागेत उभा राहिला. लेंड्या अजून तिथंच होत्या.

रणधीरनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चांगल्या मेंढ्या चांगल्या माणसाला दिल्या, कुत्र्याला त्रास झाला नाही, पुण्याची जागा कशी स्वच्छ आहे, खोलीत टीव्ही आहे. तो नीट, समजावून सांगत होता, जसा मंडळात सांगायचा.

बलभीमनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "आन् मी? मला कवा टोचनार?"

ज्ञानेश्वरी तोंडाला पदर लावून आत गेली. रणधीरला बापाच्या बोलण्याचा राग आला. इतकं करून वर हे ऐकायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण रिकामं होतं. घोंगडं आणि काठीही नव्हती. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. व्यंकटची मेंढरं ओढ्याच्या पलीकडं चरत होती आणि त्यांच्यामागं काळा चष्मा लावलेला बलभीम उभा होता. व्यंकटनं त्याला घरी बसायला किती सांगितलं, पण त्यानं ऐकलं नाही. दोन वेळची भाकर दे, म्हणाला होता, फुकट नको, राखण करतो.

पारावर ही बातमी रणधीरच्या आधी पोचली होती. न्यूझीलंडवाल्याचा बाप गड्यासारखा दुसऱ्याची मेंढरं राखतोय. रणधीर वाटेनं चालला तेव्हा बसलेले सगळे उठून उभे राहिले, ओढ्याकडं बघायला.

तो ओढा ओलांडून गेला. आधी समजुतीनं बोलला. मग आवाज चढला. माझी अब्रू घालवताय, म्हणाला. डोळा जाईल, म्हणाला. शेवटी त्यानं बापाचं मनगट धरलं. मेंढरं बिथरली. बलभीमनं शांतपणे हात सोडवून घेतला. चष्म्यामुळं तो कुठं बघतोय हे कळत नव्हतं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "मेंढरं बुजत्यात. जरा बाजूला व्हा."

रणधीरला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यानं "आबा" म्हणून हाक मारली. बलभीमनं व्यंकटकडं तोंड वळवलं आणि विचारलं, "कोन गाव म्हनायचं ह्यांचं?"

व्यंकट खाली बघत राहिला. रणधीर आल्या वाटेनं ओढा ओलांडून परत गेला.

वर्षश्राद्ध झालं. रणधीरनं पिंड केले, पंगत बसली, बुंदी सगळ्यांना पुरून उरली. बलभीम आला नाही. कस्तुराबाईचा घास त्यानं व्यंकटच्या रानात, स्वतःच्या भाकरीतला मोडून ठेवला, असं ज्ञानेश्वरीनं सांगितलं. जायच्या दिवशी गाडी ओढ्याजवळून गेली तेव्हा रणधीरनं काच खाली केली नाही.

तिकडं पोचल्यावर त्यानं काही महिने फोन केले. ज्ञानेश्वरी उचलायची आणि आबा रानात आहेत म्हणायची. एकदा ती सोनारीला आली होती, तेव्हा तिनं फोन बापाच्या हातात दिला. रणधीरला फक्त वारा ऐकू आला आणि मेंढरांचं ओरडणं. मग त्यानंही सोडून दिलं. म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं, हे त्याचं नवं मत झालं, आणि शिवांजलीला तो तिच्या निवासातली उदाहरणं विचारायला लागला. ती सांगायची नाही.

सोनारीतल्या पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ज्ञानेश्वरीचा फोन आला. बोलताना तिचा आवाज कोरडा होता. आबा गेले, म्हणाली. ऊन लागलं होतं. काल तेरावं झालं.

रणधीर म्हणाला, "काल? मला कुणी का नाही सांगितलं?"

"आबांनी शपथ घातली होती, दादा."

"तू पाळलीस?"

"व्हय," ती म्हणाली. "म्या पाळली."

अग्नी कुणी दिला, असं त्यानं विचारलं. व्यंकटनं. मग त्यानं घराची चावी कुणाकडं आहे ते विचारलं. ज्ञानेश्वरीनं फोन ठेवून दिला.

त्या दिवशीच्या धारा त्यानं नेहमीसारख्या काढल्या. शिवांजलीला रात्रीच्या जेवणावर सांगितलं. ती उठून अक्षदाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी मंडळात बातमी पसरली होती. माणसं एकेक करून जवळ आली. पुण्याच्या एका बाईंनी डब्यातून मऊ भात आणि वरण आणलं होतं, घरात चूल पेटवली नसेल म्हणून. गेला नाहीत का, असं कुणीतरी हळूच विचारलं.

"तिकीटच मिळालं नाही," रणधीर म्हणाला.

सगळ्यांनी माना हलवल्या. ऐनवेळी तिकिटं मिळणं किती अवघड झालंय, यावर मग बरंच बोलणं झालं. बाईंनी त्याच्यापुढं ताट वाढलं, आणि तो जेवला.