दाराजवळचा गूळ

माहेरी दाराजवळच्या फळीवर गुळाची वाटी असते. आज तिला मुंग्या लागल्या होत्या. उन्हातून कुणीही आलं, गॅसवाला असो की पत्ता विचारणारा, आई त्याला आत बसवायची आणि गूळ-पाणी द्यायची. गेल्या हिवाळ्यात ती फ्लूनं गेली.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आपल्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, आणि फ्लूचा विषाणू त्यांच्या टोकाची साखर धरूनच आत शिरतो, हे दरवर्षी सांगते. काही विषाणूंना अशीच साखर आडवी येते, तेही सांगते. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग पेशीनं साखर काढूनच टाकली तर?"

"फ्लूला धरायला काही उरणार नाही," मी म्हणाले. "पण मग आपल्याच पेशी एकमेकींना ओळखणार नाहीत."

आज दुपारी माहेरी दाराची बेल वाजली. बाबांनी जाळीचं दार न उघडताच विचारलं, "काय काम आहे?"

शेजारच्या काकू होत्या. आईकडे रोज येऊन बसायच्या. "काही नाही भाऊजी, सहज आले होते," म्हणाल्या आणि तशाच वळल्या.

बाबा फळीपाशी थांबले. आई गेल्यापासून ते वाटी रिकामी होऊ देत नाहीत. त्यांनी गुळाचा नवा खडा ठेवला, कडी नीट लागलीय का पाहिलं आणि आत गेले.

मुंग्या तेवढ्या येत राहिल्या.