सुखी प्राण्याचा नमुना

जनावराला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा, असं मी पशुवैद्यकीच्या पोरांना बावीस वर्षं बजावतोय. काल मोठ्या तोऱ्यात घरचा कुत्राच वर्गात नेला, सुखी प्राणी कसा असतो ते दाखवायला. मीच बनवलेला तक्ता पोरांनी भरला: वजन जास्त, नखं वाढलेली, उठताना मागचा पाय दुखतो.

"सर, कधीपासून लंगडतोय हा?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

मी खडू शोधू लागलो.

घरी बायको म्हणाली, "अहो, चार महिने कानीकपाळी ओरडतेय मी!"

त्या मुलीनं तक्त्याखाली शेरा मारला होता: 'कुत्रा गुणी आहे. मालकाला शिकवण्याची गरज आहे.' त्याखाली शिक्षकाची सही लागते. मुकाट्यानं केली.