आहेराच्या साडीची चिंधी

धुकं असं दाट पडलं होतं की गोठ्यातली म्हैस दिसत नव्हती, नुसती तिची फुरफुर ऐकू येत होती. सत्यशीलाबाईनं पदर कानावरून घट्ट गुंडाळला, शेणाची पाटी उकिरड्यावर पालथी केली, बादलीत शेण कालवलं आणि अंगणात सडा टाकायला सुरुवात केली. निम्मं अंगण ओलं झालं नसेल, तोच परसात असा कलकलाट उठला की बादली तिथंच सोडून ती धावली.

खुराड्याची फळी आडवी पडलेली. एक तांबडं कुत्रं आत तोंड घालून उभं. कोंबड्या कुडावर, तुराट्यांच्या गंजीवर, एक तर थेट कापसाच्या गाडीच्या टपावर!

"हाड! तुझं मढं बशिवलं!" तिनं झाडू फेकून मारला. कुत्रं केकाटत पळालं. "आवं, फळीचा दगड कुढं गेला?"

नवरा रायभान कापूस भरायला आलेल्या गाडीपाशी उभा होता. "मीच नेला की. गाडी मागं सरकून राह्यली व्हती, चाकाखाली घातला."

"दुसरा दगड न्हाई भेटला? सारा मुलूख दगडाचा हाय!"

भांडायला सवड नव्हती. मूठभर जवारी फेकल्याबरोबर सगळ्या पोटाच्या गुलाम झटाझट खाली उतरल्या. आली नाही ती एकटी भुरी. आणि भुरी खुडूक बसलेली होती. खुराड्याच्या कोपऱ्यात टोपल्यातल्या भुशावर तिची अंडी उघडी पडली होती, आणि ती आजच फुटायची होती.

सत्यशीलाबाई आष्टीची लेक. जाफराबादजवळच्या ह्या गावात नांदायला आली तेव्हा आईनं ओटीच्या तांदळाबरोबर एक तलंग, म्हणजे नवथर कोंबडी, तिच्या काखेत दिली होती. "सासरी मन न्हाई लागलं तर हिच्याशी बोल," म्हणाली होती. सत्यशीलाबाई बोलली, चांगली पोटभर बोलली. अजूनही पहाटे खुराडं उघडताना एकेकीची खबर घेतल्याशिवाय तिचा दिवस निघत नाही. त्या तलंगीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सारं परस त्याच वेलाचं. गेल्या उन्हाळ्यात आई गेली. पाठोपाठ कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि वेल झडला. आत्ताच्या बाकीच्या सगळ्या बाजारातून आणलेल्या. आईच्या हातची निशाणी म्हणाल तर एक भुरी, आणि ही अंडी.

तिनं हात लावला. ऊब होती अजून. एक अंडं कानाला लावलं. आतून बारीक चिवचिव!

"आवं, कापूस आना जल्दी! चांगला पाटीभर!"

"गाडीवाला काटा लावून बसलाय..."

"बसू द्या त्याला. तुमी बी बसा, ह्या अंड्यांवर!" तिनं टोपल्यात कापूस कोंबला आणि रायभानचे दोन्ही हात धरून त्यात खुपसले. "मी येईस्तोर हात बिलकुल काढायचा न्हाई. सांगून ठुते."

आणि ती सुटली. बोळात भुरं पीस, पुढं नाल्याच्या कडेला आणखी एक. तो माग थेट चतुराबाईच्या दारात गेला. चतुराबाई भावकीतली, नात्यानं चुलत सासू. म्हातारी दारात पाय पसरून बसली होती. शेजारी कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं, त्यावर चटणी वाटायचा पाटा. आत भुरी धडका देत होती.

"आत्याबाई, सोडा तिला. माझी हाय ती."

"तुझी? टांगेला जांभळी चिंधी हाय तिच्या. म्याच बांधलीय."

"म्या बी जांभळीच बांधलीय!"

"काहून? जांभळ्याचा ठेका घेतला का तू? मला मानूस वळखू येईना, पर जांभळं बराबर दिसतंय."

गलका ऐकून बोळातल्या बाया जमल्या. एक म्हणाली, माझ्या कोंबडीला बी जांभळीच हाय. दुसरी नुसती पदर तोंडाला लावून हसली. तेवढ्यात आशाबाई आली, सत्यशीलाबाईची थोरली जाऊ. तिनं वाकून डालग्याच्या फटीतून पाहिलं. चिंधीला जरीचा काठ होता.

"ही आमच्या आकांक्षाच्या लग्नातली साडी न्हवं?"

आता काय सांगावं! लेकीच्या लग्नात आशाबाईनं भावकीतल्या झाडून साऱ्या बायांना आहेर केला होता, एकाच थप्पीतल्या वांग्याच्या रंगाच्या साड्या. पहिल्या धुण्यात बादली जांभळी झाली, दुसऱ्या धुण्यात साडी विरली. मग कोंबडी ओळखायला जी ती आपापल्या घरी चिंधी फाडून मोकळी झाली. शेजारणीनंही तेच केलं असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"माझ्या लेकीचा आहेर, अन् कोंबडीच्या टांगेला?" आशाबाई कडाडली. "सत्यशीले, तू बी?"

सत्यशीलाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एरवी ती चार दिवस जावेच्या समोर गेली नसती. पण तिकडं अंडी निवत होती. "जाऊबाई, मागून माझ्या झिंज्या उपटा, पर आत्ता..."

"कुकूच कू!" आशाबाईच्याच भिंतीवरून तिच्या तुरेबाज कोंबड्यानं बांग दिली. एक पाय उचलून ऐटीत उभा. पायात जांभळी चिंधी, चांगली काठासकट.

"आशे," चतुराबाई डोळ्यावर हात धरून म्हणाली, "मला कमी दिसतंय बाई. तो कोंबडा कोनाचा?"

बाया अशा फिदीफिदी हसल्या की आशाबाईलाही तोंड फिरवून हसावं लागलं. "एक साडी उरल्ती. वाया जाऊ द्यावी का मंग?"

हसणं झालं, पण म्हातारी पाट्यावरचा हात काढेना. आणि एकदम सत्यशीलाबाईला सुचलं. उलट्या पावली ती घरी पळाली. टोपल्यातलं एक अंडं मुठीत घेऊन पदराखाली पोटाशी धरलं आणि तशीच वाऱ्यासारखी माघारी.

"आत्याबाई, डोळ्याचं ऱ्हाऊ द्या. कानाला लावा."

चतुराबाईनं अंडं कानाशी नेलं. तिचा चेहरा हळूहळू उलगडत गेला. "अगं माय... बोलून राह्यलं की गं हे!"

तेच बोलणं डालग्यातही ऐकू गेलं. धडका थांबल्या. आतून घशातल्या घशात सुरू झालं, कुडूक, कुडूक, कुडूक. मग डालगं असं हलायला लागलं की पाट्यावरची वाळली चटणी उडाली.

"काढा गं तो पाटा," म्हातारी म्हणाली. "लेकराची माय हाय ती. माझी तर मेली अंडंच देत न्हाई."

पाटा निघाला. भुरी पळाली नाही, उडाली नाही. पंख फुगवून सत्यशीलाबाईच्या पदराकडं धावली. पुढं अंडं घेतलेली सत्यशीलाबाई, मागं भुरी, तिच्यामागं आशाबाई, चतुराबाईला हाताला धरून एक बाई, आणि सगळ्यांत शेवटी तो आगाऊ कोंबडा. अशी वरात बोळातून निघाली.

परसात रायभान कोपरापर्यंत कापसात हात घालून तसाच उकिडवा होता. गाडीवाला कपाळाला हात लावून शेजारी. भुरी आली ती रायभानच्या मनगटावर दोन टोची हाणूनच टोपल्यात शिरली.

"मेलो! ऊब म्या दिली, अन् मलाच?"

"गुमान हात काढा."

सत्यशीलाबाईनं मुठीतलं अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. भुरीनं अंग पसरलं, डोळे अर्धे मिटले. बऱ्याच वेळानं पंखाखालून एक ओलं, पिवळं डोकं बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. सत्यशीलाबाईनं घाईघाईनं डोळ्याला पदर लावला.

"दोन पिल्लं माझी," आशाबाई म्हणाली.

"घ्या की. पर धाकट्या लेकीचं लग्न कधी काढता? चिंध्या लागतील."

"थांब, तुला दावतेच!" आशाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

बाया पांगल्या. गाडीवाल्यानं काटा उचलला. सत्यशीलाबाईनं चाकाखालचा आपला दगड रायभानकडून काढवून घेतला, त्याला दुसरा शोधायला पिटाळलं, आणि फळी उभी करून दगड पक्का लावला. धुकं उठलं होतं. निम्मं अंगण वाळून गेलं होतं, निम्मं कोरडंच होतं. बादलीतलं शेण तळाला बसलं होतं. तिनं हात घालून ते पुन्हा कालवलं आणि राहिलेल्या अंगणात सडा टाकायला लागली.