चिकूचे माप घेणाऱ्या धोडी मॅडम

सुनंदा धोडी मॅडम डहाणूच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत रुजू झाल्या, त्या दिवशी मी त्यांच्या हातात एक बंद सेन्सर ठेवला. समोरून धातूची वस्तू सरकली की न शिवता ती ओळखणारा. सेन्सरचा विषय तोवर मी एकटाच शिकवत असे. तलासरीच्या पाड्यावरून आलेल्या नव्या बाईंची फजिती व्हावी, एवढाच माझा हेतू. त्यांनी वायर चाचपली, सोलून पुन्हा जोडली आणि समोरून पाना नेला. लाल दिवा लागला.

"सेन्सर चांगलाय सर, वायर आतून तुटली होती."

तो सेन्सर मी वर्षभर निकामी समजत होतो. माझा हेवा तिथून सुरू झाला.

पुढे मला टायफॉइड झाला. मॅडमनी महिनाभर माझे तास घेतले, वर दर रविवारी घरी पेज घेऊन आल्या. मी परतलो तेव्हा एका विद्यार्थिनीने अदबीने विचारले, "सर, हा धडा मॅडमच संपवतील का?" मी हसलो खरा, पण त्या दुपारी डबा उघडला नाही.

मग माझे चिकूचे यंत्र आले. पट्ट्यावरून जाणारा चिकू प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरसमोर किती वेळ राहतो, त्यावरून त्याचा आकार मोजायचा, ही कल्पना माझी. बागायतदारांना ते दाखवायच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सर, पट्टा घसरला तर वेग कमी होईल. लहान चिकू मोठा मोजला जाईल."

"माझा पट्टा घसरत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो घसरला. लिंबाएवढे चिकू मोठ्या फळांच्या क्रेटमध्ये पडू लागले. आगर गावचे एक बागायतदार म्हणाले, "यापेक्षा आमच्याकडच्या बायका डोळे मिटून निवडतील!" माझे कान तापले. मॅडमनी यंत्र थांबवले. पट्ट्याबरोबर फिरणाऱ्या रुळाला त्यांनी बोल्ट बसवलेली चकती लावली आणि तिच्यासमोर धातू ओळखणारा दुसरा सेन्सर. समोरून जाणारा एकेक बोल्ट मोजून पट्ट्याचा खरा वेग यंत्राला कळू लागला आणि त्यावरून आकाराचा हिशेब बसू लागला. तासाभरात चिकू आपापल्या क्रेटमध्ये. टाळ्या वाजल्या तशा त्या म्हणाल्या, "यंत्र राऊत सरांचं आहे. मी फक्त वेग मोजला."

श्रेय घेतले असते तर निदान त्यांना नावे तरी ठेवता आली असती!

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी त्यांना भेटून सांगितले, "मॅडम, मी इतकी वर्षं तुमच्यावर जळत आलो."

त्या हसल्या. "ठाऊक आहे सर. म्हणून तर प्रत्येक काम आधी तुम्हाला दाखवायचे. माझी चूक तुमच्याइतकी जीव तोडून कोण शोधणार?"



मॅडम आता साठीच्या झाल्या. हात आजही थरथरत नाहीत. माझे थरथरतात, म्हणून त्याचाही हेवा वाटतो. त्यांना ठणठणीत प्रकृतीची शंभर वर्षे मिळोत, नवनवी यंत्रे त्यांच्या हातून उभी राहोत, आणि ती तपासायला त्यांनी मलाच बोलवावे.