कोपऱ्यातल्या खुर्चीचा महाल

चितारीबुवांना सारं थिएटर मान द्यायचं, एक बायको सोडली तर. नाटकाचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे शंका घ्यायला वावही नव्हता. सरसाच्या खळीत कालवलेला रंग आणि काठीला बांधलेला ब्रश घेऊन सपाट कापडावर ते असा दरबार उभा करायचे, की एखादा नवखा नट खांबाला टेकायला जाऊन पडद्यासकट मागे कोसळायचा.

आणि बायको? प्रत्येक नाटकाहून घरी आली, की चपला काढता काढता म्हणायची, "नाटक छान होतं हो. महाल तेवढा वाकडा होता."

बुवांचा तिळपापड व्हायचा. "तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला कुठे काय कळतं? दिसलं ते सांगितलं."

ती खोटं बोलत नव्हती. पडद्यावर एक खिळा ठोकायचा, त्याला दोरी बांधायची आणि महालाच्या सगळ्या तिरक्या रेघा त्या दोरीने आखायच्या, ही बुवांची रीत. खिळा कुठे, तर मधोमध, मालकांच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर. ज्याच्या हातून पगार, त्याच्या डोळ्याला महाल सरळ! कामगारांच्या घरच्यांना फुकट पास मिळायचा तो पार डावीकडच्या कोपऱ्यातला. तिथून खांब कलायचे, जिने घसरायचे. बुवांना याचा पत्ताच नव्हता, कारण नाटक चालू असताना ते कायम पडद्यामागे, दोऱ्यांपाशी.

मग मालकांनी जाहीर केलं, की पुढच्या नाटकापासून पडदे बंद, दृश्यं मशीनने दाखवायची. बुवांच्या वाट्याला शेवटचा एक महाल उरला. जन्मभर रंगवलं आणि घरच्या माणसाने एकदाही बरं म्हटलं नाही, हे त्यांना आता फार लागलं. एका दुपारी रिकाम्या थिएटरात ते बायकोच्या खुर्चीवर जाऊन बसले, जुन्या पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरेरे, ही बिचारी इतकी वर्षं पडक्या महालात नाटक बघतेय की!"

नव्या पडद्यावर खिळा डावीकडे गेला, थेट त्या खुर्चीसमोर. मालकांनी एक दिवस वाकडं बघितलं तर काही आभाळ कोसळत नव्हतं.

पहिल्या प्रयोगाला बुवांनी विंगेतून कोपऱ्यात पाहिलं, तर खुर्ची रिकामी. बायको मधोमध, मालकांच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली! शेवटच्या पडद्याचा मान म्हणून मालकांनीच तिला तिथे बसवलं होतं आणि स्वतः शेजारी बसले होते. बुवांच्या पायाखालची जमीन सरकली.

मध्यंतर होताच ते धावत तिच्याजवळ गेले. ती हळूच म्हणाली, "अहो, आज तर फारच वाकडा झालाय. मालकही तेच म्हणत होते."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काहीतरीच काय! चांगला ओळंब्यात आहे."

बुवांनी तिचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. दर्शनी पडदा वर गेला. महालाचा एकेक खांब ताठ उभा होता. ती बघतच राहिली, मग तिचे डोळे भरून आले.

"इथे बसून आखलात?"

बुवांनी मान डोलावली. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, खाली बसा!" तशी तिने सरकून त्यांना अर्धी खुर्ची दिली.