गाडीचा आरसा आणि शेजारची बॅटरी
मूल गावातल्या आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या माझ्या गाडीचा उजवा आरसा दोन महिन्यांत दोनदा फुटला. शेजारच्या भाऊंचा ट्रॅक्टर रोज सकाळी तिथूनच शेतावर जातो. ट्रॉली आणि गाडीमध्ये वीतभर जागा उरते. संशय होता, पुरावा नव्हता. शेजार चांगला, म्हणून काही न विचारता मी गाडीत डॅशकॅम बसवला.

गाडी बंद असतानाही तो चालावा म्हणून मेकॅनिकने त्याची तार कायम सुरू राहणाऱ्या फ्यूजला जोडली. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. मदतीला भाऊच आले. ट्रॅक्टरच्या बॅटरीला केबल जोडून त्यांनी ती सुरू करून दिली. त्या आठवड्यात हे आणखी दोनदा झालं. बॅटरी कशाने उतरते, असं त्यांनी विचारलं. जुनी झाली असेल, असं मी सांगितलं. ती आठ महिन्यांची होती.

कारण मेमरी कार्डवर सापडलं. समोर काही हललं की कॅमेरा जागा होई, आणि आमच्या गल्लीत कोंबड्या दिवसभर हलतात. मेकॅनिकने मध्ये एक छोटी डबी बसवली. बॅटरी १२.२ व्होल्टवर आली की ती कॅमेऱ्याचा पुरवठा तोडते. शिवाय गाडीला धक्का लागला तरच रेकॉर्डिंग, अशी सेटिंग केली. गाडी रोज सुरू होऊ लागली.

नवव्या दिवशी सकाळी आरसा फुटला. काचा पाहून भाऊ स्वतःच आले, पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि त्यात काय आलं ते दाखवा म्हणाले. दोघांनी मोबाइलवर पाहिलं. एक दांडगा वानर बॉनेटवर उतरतो, उजव्या आरशावरून वाकून आत पाहतो, स्वतःच्याच प्रतिबिंबावर दात विचकतो, झेप घेतो. मग काच फुटल्याचा आवाज. मागे दिसणाऱ्या भाऊंच्या अंगणात ट्रॅक्टर जागच्या जागी उभा.

भाऊंनी मोबाइलवरच्या ट्रॅक्टरवर बोट ठेवलं. “म्हंजे मायाच बॅटरीवर मायावरच पहारा करून राह्यले होते तुमी?”

मी हो म्हणालो. ते घरात गेले, खताची रिकामी पिशवी घेऊन आले आणि नवा आरसा बसवल्यावर त्यावर ती कशी बांधायची ते दाखवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून शेतावर निघताना ते ट्रॅक्टर थांबवतात, माझ्या गाडीच्या बॉनेटवर एक बुक्की मारतात आणि कॅमेऱ्याला सांगतात, “ट्रॅक्टर निघून राह्यला, साहेब. पाहून घ्या.”

एका धक्क्याचं रेकॉर्डिंग तीस सेकंदांचं असतं. उरलेला वेळ ते तिथेच उभे राहतात.