जहाजाच्या चित्राला चिठ्ठी

इस्त्रीवालीने जन्मात एकच थाप मारली, पण मारली ती जहाजाएवढी. एरवी कोणाच्या शर्टाचं बटण तुटलं तरी स्वतःहून सांगणारी बाई! पण नवरा तुरुंगात गेला तेव्हा लेक रांगत होती, आणि बोलायला लागल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो बाबांचाच. हिने वेळ मारून नेली, "बाबा जहाजावर असतात." लेकीने ते शाळाभर केलं. मग माघार कशी घेणार?

भेटीला गेली की नवरा जाळीपलीकडून एकच मागायचा, "तिच्या हातची एक तरी ओळ आण ना गं." आणणार कशी? जहाजावरच्या माणसाला पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर थोडंच लिहवून घेता येतं!

अशात सभागृहात कैद्यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. चित्राखाली नाव नाही, नुसता नंबर. बघणाऱ्याने चिठ्ठी लिहिली की ती चित्रकाराला आत पोचणार. नवऱ्याने आपला नंबर सांगून ठेवलाच होता. इस्त्रीवालीला वाटलं, देवच पावला. दुपारीच दुकान बंद करून ती लेकीला घेऊन निघाली.

चित्रात समुद्र होता आणि मधोमध जहाज. थाप बायकोची, पण निभावायला बसला होता नवरा. बिचाऱ्याने समुद्र कधी पाहिलासुद्धा नव्हता. तिला भरून आलं.

"याच्यावर लिही काहीतरी."

"याच्यावर? शी! आई, या लाटा आहेत की गोधड्या?"

"असं बोलू नये. लिही गं, मनात येईल ते लिही."

लेकीने खाली मान घालून लिहिलं आणि ठसक्यात वाचून दाखवलं, "काका, तुम्ही समुद्र पाहिलेलाच नाही. माझे बाबा जहाजावर असतात. त्यांनी याच्यापेक्षा भारी काढला असता."

'फाड ते' हे शब्द इस्त्रीवालीच्या ओठांवर आले. पण का फाडायचं, ते कसं सांगणार? तेवढ्यात टेबलाशी बसलेल्या बाईंनी "किती गोड!" म्हणत चिठ्ठी घेतली, तिच्यावर नंबर घातला आणि कुलूपबंद पेटीत टाकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. 'काका' लिहिलं होतं पोरीने. बापाला काका! आणि तो वाचणार होता.

पायऱ्या उतरताना लेक जरा ओशाळली. "आई, त्या काकांना राग येईल का गं?"

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "ते जपून ठेवतील."